वाजवून दिलेली गाडी

"हे कोणी बुजवलं?"

अलीम गुडघ्यावर बसून पिकअपच्या दाराखाली बोट फिरवत होता. दाराच्या खालच्या कडेला कंपनीनंच ठेवलेली तीन भोकं असतात, करंगळीचं टोक जाईल एवढी. त्या तिन्ही भोकांत कोणीतरी पुट्टी भरून वरून पांढरा रंग मारला होता.

"मीच बुजवली," बद्रीनाथ म्हणाला. गाडी त्याची होती आणि ती विकायला तो घनसावंगीहून बदनापूरला आला होता. "धुराळा येत व्हता चाचा. आमच्याकडचे रस्ते तुमाला म्हाईत न्हाईत."

"धुराळा खालून येतो का?"

"येतो ना."

"आन् मंग आतलं पाणी कुठून जाईन?"

"दारात कशाला पाणी येईन? काच लावलेली असती की."

अलीमनं स्क्रू ड्रायव्हरचं टोक भोकात घातलं आणि पुट्टी उकरली. आधी काही झालं नाही. मग काळ्या चहासारखं तांबूस पाणी बारीक धारेनं खाली आलं आणि फरशीवरून बद्रीनाथच्या चपलेपर्यंत गेलं. बद्रीनाथ एक पाऊल मागं सरकला.

"हा घ्या तुमचा धुराळा," अलीम म्हणाला.

पस्तीस वर्षं तो हेच सांगत आला होता आणि पस्तीस वर्षं लोक मान डोलावून घरी गेल्यावर भोकं बुजवत आले होते. काचेच्या रबरातून पाणी आत उतरतंच, ते कोणाच्या बापाला थांबवता येत नाही. उतरलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट ठेवा, एवढंच त्याचं म्हणणं. चाकावरच्या खोबणीत चिखल साठू देऊ नका, वरून वाळला तरी तो आतून ओला असतो. पायाखालची रबरी मॅट महिन्यातून एकदा उचलून उन्हात टाका. खताच्या पोत्यातून सांडलेलं नुसतं झाडू नका, धुऊन काढा, आणि धुतल्यावर दारं उघडी टाकून गाडी उन्हात उभी करा. पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल मारा. यात शिकलेल्या माणसाचं काही काम नाही, शेंबड्या पोरालाही कळेल. पण लोक दसऱ्याला गाडी धुवायचे ती फक्त वरून. बोनेट असं की त्यात बघून भांग पाडावा. त्याला हार, हळदीकुंकू, वर नारळ, आणि खाली मडगार्डमध्ये घमेलंभर चिखल तसाच. "तोंडाला पावडर आन् पायाला शेण," अलीम म्हणायचा. लोक हसायचे आणि पुढच्या दसऱ्याला तेच करायचे.

तरी त्याच्याकडे माणसांची रीघ असे, आणि ती पत्रा ठोकून घ्यायला कमी, गाडी वाजवून घ्यायला जास्त. इकडे घनसावंगी, तिकडे केदारखेड्यापर्यंत एक रीतच पडून गेली होती. जुनी गाडी घ्यायची तर इंजिन हव्या त्या मिस्त्रीला दाखवा, कागद एजंटाला दाखवा, पत्रा मात्र अलीम वाजवणार. बाया माठ घेताना बोटाच्या पेरानं वाजवून बघतात ना, तसा तो छोट्या हातोडीनं गाडी वाजवत जायचा. हल्लीची पोरं लोहचुंबक घेऊन येतात. चुंबक पुट्टी सांगतं हे खरं, पण आतल्या अंगानं सडत आलेल्या पत्र्यालाही ते चिकटतंच. तो पत्रा फक्त आवाजात सापडतो. अलीमनं "घ्या" म्हटलं की सौदा झाला, मान हलवली की मोडला, आणि विकणारा कितीही तोंडाळ असला तरी वाद घालत नसे. वाजवून दिलेली गाडी म्हटलं की पुढं कोणी काही विचारत नसे.

आज घेणारे होते आदिनाथ आणि त्याची बायको शालू. बदनापूरच्या पुढं दोघांची मोसंबीच्या रोपांची नर्सरी होती. इतकी वर्षं रोपं भाड्याच्या टेम्पोनं जायची आणि टेम्पोवाला वेळेवर आला तर ती बातमी व्हायची. आता स्वतःची गाडी घ्यायची होती. चालवणार होती शालू, कारण आदिनाथचं आणि क्लचचं शिकताना जे बिनसलं ते शेवटपर्यंत जमलं नाही.

अलीम वाजवत निघाला. बोनेट, मडगार्ड, दारं, मागचा हौदा, फाळका. हौद्यात त्यानं दोन ठिकाणी खडूनं फुल्या मारल्या. ते खताचं काम होतं आणि डोळ्यांनाच दिसत होतं. मग पाठीवर पडून गाडीखाली शिरला. खालून सगळीकडे काळाकुळकुळीत ताजा थर मारलेला होता.

"हे कधी मारलं?"

"परवा," बद्रीनाथ म्हणाला. "जरा चांगली दिसावी म्हणून."

अलीमनं ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा वाजवला. पुन्हा वाजवला. मग शेजारचा. सगळं एकसारखंच वाजलं, आणि एकसारखं वाजलं म्हणजे चांगलं, असा त्यानं हिशेब केला.

"चाचा, वरून मॅट उचलून बघायची का?" आदिनाथनं वाकून विचारलं.

मॅट नवी होती आणि कडेच्या पट्टीखाली स्क्रूनं आवळलेली होती. उचलायला दहा मिनिटं लागली असती.

"मी वाजवलं ना?" अलीम खालूनच म्हणाला. "का तुला हातोडी देऊ?"

अलीम बाहेर येऊन कपडे झटकत उभा राहिला, तेव्हा शालू त्याच्यासमोर आली. "चाचा, बसायचं मला हाये. बराबर बघितलं ना?"

"बघितलं. हौद्यात ठिगळं लागतीन, ते करून देतो. भोकं बुजवू नका. घ्या."

त्यांनी घेतली.

आता अलीमच्या कानाचं सांगायला हवं, कारण तो स्वतः ते कोणाला सांगत नसे. पस्तीस वर्षं पत्र्यावर हातोडी आणि वर ग्राइंडर, त्यात डावा कान कधीच गेला होता. ते सगळ्यांना माहीत होतं. बोलणारी माणसं आपसूक त्याच्या उजव्या बाजूला उभी राहायची. पण दोनेक वर्षांपासून उजव्या कानातून बारीक आवाज एकेक करून नाहीसे होत होते. गेल्या वर्षी त्यानं घरातल्या कुकरची शिटी दोनदा नवी आणली. कुकर बिघडलाय, शिटीच देत नाही, असं त्याचं ठाम म्हणणं. त्याची बायको सरदारबी रोज त्याच कुकरच्या शिट्ट्या मोजून डाळ उतरवत होती. माणसांचं बोलणं त्याला बऱ्यापैकी कळे, ट्रकचा हॉर्न कळे. पत्र्याचा खणखणीत सूर मात्र येईना. चांगला पत्राही बद्द आणि वाईटही बद्द. कानाला कळेना, तरी हाताला कळतं, असं तो स्वतःला सांगत होता.

घर वर्कशॉपच्या मागंच. मधे भिंत म्हणून पत्र्याचा आडोसा, आणि त्याला लागूनच चूल. दुपारी तो जेवायला बसला तेव्हा सरदारबीनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "वो सफेद गाडी को हौ बोले क्या तुम?"

"हौ. क्यों?"

"नीचे घुसके ठोके ना, वो पत्रा पोकळ बोला. दो बार ठोके, दोनों बार वैसाच बोला."

"चूल के पास बैठके तेरेकू पत्रा समझता?"

"पैंतीस साल से बैठी मैं इधर. पहले ऐसे पत्रे को तुम छोड़ते नै थे, भांडके वापस भेजते थे. अब कान दिखाओ बोली तो बोलते, कुकर खराब है."

"तू सालन देख," अलीम म्हणाला.

"सालन बराबर है. पत्रा खराब है."

तो उठून जाणार होता, पण अन्नावर राग काढू नये म्हणून तसाच बसून जेवला. सरदारबीनं भांडी मात्र जरा जोरात ठेवली, म्हणजे त्याला ऐकू जावं.

गाडीचे कागद सोमवारी व्हायचे होते. मधे दोन दिवस होते आणि आदिनाथचा नंबर मोबाइलमध्ये होता. शनिवारी संध्याकाळी अलीमनं तो काढलाही. तेवढ्यात त्याचा मुलगा साजिद, वर्कशॉपचं रंगकाम बघणारा, काही विचारायला आला आणि फोन खिशात गेला. रविवारी त्यानं स्वतःची समजूत घातली, की बायकांना भांडायला विषय लागतो. सरदारबीचं म्हणणं खरं असणार हे त्याला जेवतानाच कळलं होतं, आणि म्हणूनच त्याला तिचा इतका राग आला होता. सोमवारी कागद झाले.

तीन आठवड्यांनी, घटस्थापनेच्या दोन दिवस आधी, पांढरी पिकअप वर्कशॉपसमोर येऊन थांबली. चालवत बबलू होता, नर्सरीतला कामाचा माणूस. आदिनाथ दुसऱ्या बाजूनं उतरला आणि त्यानं शालूला हात दिला. तिच्या डाव्या पायाला पोटरीपर्यंत पट्टी होती आणि त्या पायात आदिनाथची चप्पल होती.

"काय झालं?" अलीमनं विचारलं.

"पाय खाली गेला, चाचा," आदिनाथ म्हणाला. "फाट्यावर एक फटफटीवाला आडवा आला. हिनं क्लच-ब्रेक दोन्ही दाबले, तर टाच मॅट फाडून पत्र्यातून आरपार खाली. दहा टाके पडले. पण तुमच्यावर न्हाई आलो आम्ही, ते आधीच सांगतो. आमचीच चूक हाये. तुम्ही सांगितलं व्हतं पाणी साचू देऊ नका म्हणून. आम्ही रोपाच्या ओल्या पिशव्या केबिनमधी बी ठेवल्या, पायाशी. तेच्यानं सडली."

"मॅट बी उचलली न्हाई एकदा बी," शालू म्हणाली. "रोज ठरवायचे, उद्या उचलू. राहूनच गेलं."

अलीमनं ड्रायव्हरच्या पायाशी वाकून मॅटच्या पट्टीचे स्क्रू काढले आणि मॅट उचलली. खालचा नमदा पिळला असता तर तांब्याभर पाणी निघालं असतं. त्याच्याखाली पत्रा असा नव्हताच, पापडासारखे पापुद्रे होते, एकावर एक, तपकिरी. त्यानं भोकापासून वीतभर लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि नुसता हात सोडला. तो आत गेला. शेजारी टेकवला, तिथंही गेला. दारापासून गियरच्या दांड्यापर्यंत सगळं तसंच होतं.

साजिद मागं येऊन उभा राहिला होता. त्यानंही बघितलं आणि बापाच्या उजव्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "अब्बा, चूप रहो. वो लोगाच बोल रहे ना, अपनी गलती."

हळूच म्हणजे अलीमला ऐकू जाईल इतपत. बबलूलाही ऐकू गेलं असावं.

"पाणी आम्हीच सांडलं," आदिनाथ पुन्हा म्हणाला. "तुमची काहीच..."

"अरे गप ना," अलीम एकदम ओरडला. "तीन हप्त्यात पत्रा सडतो का? तीन हप्त्यात भेंडी सडती. असं व्हायला सात-आठ वर्सं लागत्यात. तुम्ही कोणाची चूक घेऊन बसले हे? जरा डोकं चालवा ना."

आदिनाथ गोंधळून त्याच्याकडे बघत राहिला. शालूला आधी कळलं.

"म्हंजी त्या दिवशी बी सडेलच व्हती?"

"व्हय."

"मंग तुम्ही घ्या काहून म्हणले?"

साजिदनं तोंड फिरवलं आणि रंगाचे डबे उगाच इकडचे तिकडे करू लागला. अलीमनं हातातला स्क्रू ड्रायव्हर पँटला पुसला.

"मला ऐकू आलं न्हाई, बेटा. उजवा कान बी गेलाय. मला सगळा पत्रा एकच वाजतो आता." तो एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण थांबला नाही. "घरातून मला सांगितलं व्हतं. त्याच दिवशी, जेवताना. पोकळ हाये म्हणून. तुमचे कागद व्हायचे व्हते अजून. मी फोन न्हाई केला."

शालू दाराला धरून एका पायावर उभी होती. आदिनाथनं तिला खुर्ची पुढं केली, ती बसली नाही.

"मी तुमाला इचारलं व्हतं," ती म्हणाली. "बसायचं मला हाये, म्हणलं. हे म्हणले मॅट उचलू का, तर तुम्ही ह्यांन्ला झापलं."

"बराबर हाये."

"काय बराबर हाये? पाय अडकला तवा गाडी थांबेलच न्हाई. फटफटीवाला वाचला, तो तेच्या नशिबानं. तेच्या मागं बाई बसेल व्हती, लेकरू घेऊन." तिचा आवाज चढला नव्हता, आणि अलीमला प्रत्येक शब्द कळत होता. "चार गावचे लोक तुमच्या हातोडीवर गाडी घेतेत. ऐकू येत न्हाई तर सांगायचं ना. आमी दुसरं काही केलं असतं. मॅट उचलली असती."

"शालू, जाऊ दे," आदिनाथ म्हणाला.

"काहून जाऊ दे?"

आदिनाथनं पुढं केलेली खुर्ची परत भिंतीशी ठेवली.

"गाडी नीट करून द्या," ती शेवटी म्हणाली. "ठिगळ नको. सगळा पत्रा. आन् झाल्यावर मी दुसऱ्याकडून वाजवून घेईन, मंगच नेईन."

"घ्या," अलीम म्हणाला. "घ्यायलाच पायजे."

दुसरा कोण, हे त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही, कारण त्या भागात तसा दुसरा कोणी नव्हता.

सहा दिवस त्यानं त्या गाडीशिवाय कशाला हात लावला नाही. सीट काढली, सडका पत्रा कापून काढला, कडेच्या पोकळीतून दोन घमेली गंज आणि माती निघाली. नवा जाड पत्रा बसवण्याआधी त्याला दोन्ही अंगांनी रेड ऑक्साईड मारला. खालच्या अंगाला कोण बघतंय म्हणून लोक वरच्याच अंगाला मारतात. सांधे बंद केले, पोकळीत मेण वितळवून घातलेलं ऑइल पिचकारीनं सोडलं, काचेचं रबर नवं बसवलं. दोन्ही दारांची सहाही भोकं तारेनं उघडून, तारेचा एक तुकडा वळवून किल्लीच्या रिंगमध्ये अडकवला. महिन्याला एकदा ही तार फिरव, एवढंच शालूला सांगायचं होतं.

मधे मधे तो साजिदला फोन लावायला बसवत होता. दोन वर्षांत वाजवून दिलेल्या गाड्या आठवायच्या, नंबर शोधायचा आणि सांगायचं, की गाडी परत आणा, पुन्हा बघायची आहे. साजिदचा याला कडाडून विरोध होता.

"अब्बा, लोगाँ क्या बोलेंगे? दुकान बंद करना है क्या?"

"लगा फोन."

आठवून आठवून अठरा गाड्या निघाल्या आणि लोकांनी वैताग आणला. पहिला म्हणाला, चाचा, तुम्ही वाजवली म्हणजे बिलकुल चिंता नाही. अलीमनं फोन हिसकावून घेऊन सांगितलं, अरे मीच म्हणतोय चिंता आहे. तो हसला आणि म्हणाला, तुमचा स्वभाव लई भारी चाचा. दुसरा म्हणाला, कपाशीची वेचणी झाली की आणतो. घनसावंगीच्या देवानंदनं दूध-पिकअप कालच धुऊन काढली होती, बोनेट नुसतं चमकतंय म्हणाला. एकानं आपल्या मेव्हण्यासाठी एक जुनी गाडी बघितलीय, ती वाजवून द्याल का, म्हणून उलट विचारलं. मला ऐकू येत नाही, असं अलीम प्रत्येकाला सांगत होता, आणि प्रत्येक जण ते ऐकून आणखी मोठ्यानं तेच पुन्हा बोलत होता. पस्तीस वर्षं भोकं बुजवू नका म्हणून सांगितलेलं ज्यांच्या डोक्यात शिरलं नाही, त्यांच्या डोक्यात हे तरी कसं शिरणार. अठरापैकी तिघं आणतो म्हणाले.

सहाव्या दिवशी सकाळी अलीम आडोशापलीकडे गेला. सरदारबी लसूण सोलत होती.

"वो लड़की आ रही आज, गाडी लेने," तो म्हणाला.

"तो दो ना."

"वाजवके लेगी बोली. दुसरे से."

"अच्छा है."

तो तसाच उभा राहिला. सरदारबीनं दोन पाकळ्या सोलल्या, मग तिसरी, आणि तिला कळलं.

"मैं नै आती," ती म्हणाली. "मैं कायकू आऊँ मर्दों में? पहले बोली तो सुने नै. सालन देख बोले."

"हौ, बोला."

"अब सालन कौन देखेगा?"

"मैं देखता."

"तुम देखे सो मालूम है. कुकर की शिटी सुनते नै, सालन क्या देखते." ती लसूण सोलत राहिली. सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकून म्हणाली, "पाँव कैसा है उसका?"

शालू दुपारी आली. पट्टी लहान झाली होती, पण चालताना ती टाच टेकवत नव्हती. अलीमनं प्लास्टिकची खुर्ची गाडीशेजारी सावलीत ठेवली. ओढणीला हात पुसत सरदारबी बाहेर आली आणि बसण्याआधी शालूजवळ गेली, वाकून तिची पट्टी बघितली, किती टाके, पू तर नाही ना, ओलं करू नको, असं सगळं विचारून झाल्यावर मग खुर्चीत बसली.

"ह्या वाजवणार का?" आदिनाथनं विचारलं.

"वाजवतो मी," अलीम म्हणाला. "ऐकणार ह्या. त्या दिवशी ह्यांनीच सांगितलं व्हतं."

शालूनं सरदारबीकडे नीट बघितलं. "बरं," ती म्हणाली.

साजिदनं ग्राइंडर बंद केला. शेजारच्या टायरवाल्याला हवेची मशीन बंद करायला सांगितलं. त्यानं कशासाठी म्हणून विचारलं आणि सांगितल्यावर तोही बघायला आला. स्टेशनातून मालगाडी जात होती, ती जाईपर्यंत सगळे थांबले. एवढा आवाज अलीमलाही येत होता. मग तो पाठीवर पडून गाडीखाली शिरला आणि दाराच्या बाजूनं एकेक वीत ठोकत निघाला.

"हौ," सरदारबी म्हणायची. तो पुढं सरकायचा. "हौ." पुन्हा पुढं. मागच्या कोपऱ्याशी ती थांबली. "ये फिरसे."

"नया पत्रा है," अलीम खालून म्हणाला.

"मैं बोल रही ना, फिरसे."

त्यानं ठोकलं. "नै," तिनं मान हलवली. तो वैतागून बाहेर आला, बॅटरी घेतली, पुन्हा आत गेला. कोपऱ्यातला वेल्डिंगचा एक टाका पत्र्याला धरलाच नव्हता, नखानं निघाला. टायरवाला तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. साजिदनं मशीन ओढत आणली. टाका नव्यानं मारला, थंड होऊ दिला, वरून रेड ऑक्साईडचा हात दिला. तेवढा वेळ शालू सरदारबीच्या शेजारी बसून नर्सरीचं सांगत होती आणि सरदारबी मोसंबीला कुंडीत फळ लागतं का ते विचारत होती.

मग अलीमनं पुन्हा ठोकलं.

"हौ," सरदारबी म्हणाली. "ये बराबर."

"झालं का?" आदिनाथनं विचारलं.

"झालं," अलीम म्हणाला. पण तो खालून बाहेर येईना. त्यानं मान बाहेर काढली आणि बायकोला विचारलं, "कैसा बोला?"

"अच्छा बोला."

"अच्छा मतलब कैसा?"

सरदारबीनं हात हवेत फिरवला आणि खाली ठेवला. "जैसा बोलना, वैसा," ती म्हणाली.

शालू सीटवर चढली. बसण्याआधी तिनं दुखऱ्या पायानं पत्रा दोनदा दाबून बघितला, मग आदिनाथच्या हातातून किल्ली घेतली आणि रिंगमधली तार काय म्हणून विचारलं. अलीमनं खालूनच सांगितलं. ती बरं म्हणाली. गाडी सुरू करायला त्यानं बाहेर यायला हवं होतं आणि सगळे त्याचीच वाट बघत होते.

"एक मिनिट," तो म्हणाला, आणि नव्या पत्र्याच्या मधोमध त्यानं आणखी एकदा ठोकलं. या वेळी तो पत्र्याकडे बघत नव्हता. जमिनीवर मान वळवून सरदारबीच्या तोंडाकडे बघत होता.